ओल्या पानाची बाधा

मंगळवार, २० जुलै १९९३
ट्रेसी शेतात पडली! दवातच तंबाखूचे शेंडे खुडायला लागलो होतो. घटकाभरात पोरगी चुन्यासारखी पांढरी, भडाभडा ओकली, सरीतच आडवी. झगा दवाने चिंब. होबार्ट हसला — "पान चढलं तुझ्या लेकीला. पंधरा वर्षांची घोडी झाली, अजून सवय नाही!" नवरा आहे की दगड? दुपारभर बादली घेऊन तिच्या उशाशी बसले.

बुधवार, २१ जुलै
आरोग्य केंद्रात जाऊन आले. नर्सबाई म्हणाली, ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून रक्तात जातं, अंग कोरडं ठेवा. सासूबाईंना सांगितलं, तर म्हणतात, "त्या नर्सला काय कळतंय! तंबाखू घेणाऱ्याला पान चढत नाही. मलाही नवी नवरी असताना चढलं होतं. सासूने तपकिरीची चिमूट ओठाआड धरायला लावली. आठवड्यात बरी!"
"मग सुटली का कधी?"
"सोडायची कशाला, बाई?"
नर्सबाईला हेही विचारलं होतं मी. हायस्कूल पास आहे, अडाणी नाही. ती म्हणाली, सवय झालेल्याला कमी चढतं हे खरं. पण तोवर मेंदू त्याचा गुलाम झालेला असतो. कोवळा मेंदू तर फार लवकर. मग आपलं आपण खूश व्हायचं विसरतो, तेच मागत बसतो.
माझ्या घरात नाही!

शुक्रवार, २३ जुलै
रेनकोटात पैसे कोण घालणार? कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना डोक्या-हातांपुरती भोकं पाडली. ट्रेसीला एक, मला एक. शेजारचा क्लेटस कुंपणावरून ओरडला, "वहिनी, कचऱ्याची गाडी यायच्या आत घरी जा हं!" हसा लेको. पोरीला एकही उलटी नाही. देवा, तुझे उपकार.

रविवार, १ ऑगस्ट
चर्चच्या पायरीवर सिगारेट विझवत पाद्रीबाबा म्हणाले, "व्हर्नाताई, या चर्चचं छप्पर तंबाखूच्या पैशानेच घातलंय. पान देवानेच केलं ना?"
म्हटलं, "सापही त्यानेच केला, पाद्रीबाबा. म्हणून मी तो पोरीच्या गळ्यात घालत नाही."
होबार्टने गाडीचं दार धाडकन आपटलं. आपटो.

गुरुवार, ५ ऑगस्ट
ट्रेसी पिशवी न घालताच दवात गेली — तरी काही झालं नाही! प्रार्थनेचं बळ. होबार्टला ऐकवलंच.

रविवार, ८ ऑगस्ट
सासूबाई परवापासून नणंदेकडे. ट्रेसी कालपासून चिडचिडी. आज चर्चमध्ये नुसती चुळबुळ. डोकं दुखतंय, हात थरथरतायत. स्तोत्र चालू असताना माझ्यावर खेकसली — "आजी कधी येणार? सांग ना!" सगळ्यांच्या माना वळल्या. मला वाटलं, ताप.
दुपारी सासूबाई परतल्या. ट्रेसी धावतच त्यांच्या खोलीत. बाहेर आली ती गुणगुणत. खालचा ओठ फुगलेला.
सासूबाईंनी नजरही चुकवली नाही. "तू पिशव्या कापल्यास त्याच दिवसापासून देतेय. तुझ्या पिशवीने नाही, माझ्या तपकिरीने उभी राहिली पोर."
होबार्टला ठाऊक होतं! म्हणाला, "कामाला तर लागली ना?"

सोमवार, ९ ऑगस्ट
डेटनला जाणाऱ्या बसमध्ये, बहिणीकडे निघालोय. निम्मे शेंडे खुडायचे राहिलेत. ट्रेसी काचेला कपाळ टेकून शिव्या घालतेय — मला, आणि देवालाही. मधेच रडते. "आई, एकच चिमूट. तुझ्या पाया पडते."
नाही म्हटलं. परत मागेल. परत नाही म्हणेन.