कॅमेऱ्याची काच एवढी महाग काहून, मामी?

प्रिय मामी,

तुला जाऊन वर्ष होत आलं, आणि मी आता पत्र लिहायला बसलोय. हसू येतंय ना? शाळेत निबंधाचा तास आला की ज्याचं पोट दुखायचं तोच हा. पण परवा मामानं मला एक काम सांगितलं आणि त्या कामात तुझा जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. तू विचारलंस तेव्हा मला उत्तर येत नव्हतं. आता येतं. मग ते तुला नाही तर कोणाला सांगू?

मामा म्हणाला, "सोपान, वर्षश्राद्धाले तुह्या मामीचा एक चांगला फोटू फ्रेम करून आण. वाडीतला पायजे. मांगं वाडी दिसली पायजे."

तेरवीला घाईघाईत तुझ्या आधार कार्डावरचाच फोटो मोठा करून लावला होता. त्यात तू अशी दिसतेस, जशी काही तुला पोलिसांनी बाजारातून उचलून आणलीय! हाराखाली तो चेहरा पाहून मलाच कसंतरी झालं.

आणि वाडीच का, तेही सांगतो. रागावू नकोस. या पावसाळ्यात मामा वाडी मोडतोय. विहिरीजवळचा तुझा सगळा भाजीचा तुकडा सोयाबीनखाली जाणार. एकट्या माणसाच्यानं भाजी होत नाही गं. तोडायची, धुवायची, जुड्या बांधायच्या, अनसिंगच्या बाजारात नेऊन बसायचं, वर गिऱ्हाइकाशी भांडायचं. भांडण तर तुझ्याशिवाय मामाला कधी जमलंच नाही. कोणी म्हटलं "दोन जुड्या जास्त टाका", की हा टाकतो! म्हणून त्याला तू आणि वाडी एकाच फोटोत पाहिजे. एकदा नांगर फिरला की तुझ्या हातचं त्या जमिनीत काय उरणार?

मी म्हटलं, हे तर आपलंच काम! माझ्याजवळ तुझे ढिगानं फोटो. लॅपटॉप उघडला आणि मामाला शेजारी बसवलं. पहिल्या फोटोत तू हसतेयस. पापणीचा केस न केस दिसतोय, नाकावर सांडलेला कुंकवाचा कणसुद्धा. मामा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हे कुठचं होय? मंगल कार्यालय होय का?"

"मामा, आपली वाडीच हाय. हिरीजवळची."

"मंग हीर कुठी गेली?"

विहीर नव्हती. वांगी नव्हती, शहरात ज्याला कोथिंबीर म्हणतात तो तुझा सांभार नव्हता. तुझ्यामागं नुसतं हिरवं धुकं. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. सगळीकडं तू, आणि तुझ्यामागं धुकं.

तेव्हा तू आठवलीस. अकोल्याहून मी कॅमेऱ्याची ती महाग लेन्स घेऊन आलो तो दिवस. पैसे कुठून आणले ते आता सोड, तेव्हाही सांगितलं नव्हतं. वाशिमच्या शिबिरात तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, आणि तू काळा चष्मा घालून बांधावर राणीसारखी बसली होतीस. मी किंमत सांगितली. तुला नीट ऐकू आली होती, तरी तू पुन्हा विचारलीस.

"जुन्या मोटरसायकलच्या भावात? अन् हे होय काय? कांच?"

"हाव. लेन्स म्हणतात."

"लेन्स तं माह्या डोयातही टाकली. फुकट! वर्तून चहा-बिस्कुट अन् हा काया चष्मा. मंग तुहीच एवढी महाग काहून?"

"ते सरकारी होती मामी."

"अन् तुही काय सोन्याची हाय? माह्या कांचीतून मले वाडीतलं बारीक गवतही दिसून राह्यलं. तुह्या कांचीतून काय दिसते, दाखव बरं."

मी लगेच तुझा एक फोटो काढून दाखवला. तू चष्मा वर केलास आणि डोळे बारीक केलेस. "अरे लेका, मांगचं सारं पुसून गेलं! पयसे देऊन वाडीच गायब केली?"

"त्याचेच तर पैसे असतात मामी! मागचं धूसर व्हावं म्हणूनच लोक ही घेतात."

"धूसर कराले? मंग मी मोतीबिंदू कायले काढला? ठेवला असता, तुलेच इकला असता!"

सांभार उपटणाऱ्या बाया हातातल्या जुड्या टाकून हसल्या. मी पण हसलो. खरं तर मी वस्तू घेतली होती ती दुसऱ्याजवळ पाहून.

उत्तर मिळालं ते त्या लेन्सला बुरशी लागली तेव्हा. हो, काचेलाही लागते! मी पावसात कुठं कुठं हिंडत होतो, बॅग ओलीच राहिली. एकदा शेलूबाजारला जीप भरायची वाट पाहत होतो. ड्रायव्हर म्हणे अजून दोन सवाऱ्या पाहिजेत, दोन आल्या तर म्हणे अजून एक, आणि त्या एकाजवळ बकरी! बकरीचा फोटो काढायला गेलो तर फोटोवर पांढरं जाळं. काकडीच्या पानावर भुरी पडते ना, तसं. बकरीचं पुढं काय झालं तेही मजेदार आहे, पण ते राहू दे.

अकोल्याला रफिकभाई म्हणून एक जण लेन्स उघडून साफ करून देतात. माणूस मोठा बोलका. हात कमी, तोंड जास्त. त्यांनी लेन्स उघडली आणि आतून एकेक काच काढून कापडावर मांडत गेले. मी म्हटलं, "एवढ्या?" मला वाटायचं, पुढं दिसते ती एकच. निघाल्या आठ-नऊ!

रफिकभाई म्हणाले, "देख बेटा, एक काच उजेड वाकवते, पण वाकवताना रंग फाकवते. केसाच्या कडेला जांभळं दिसतं. ते सावरायला दुसरी काच, वेगळ्या मसाल्याची. दुसरीची आणखी वेगळी खोड, मग तिसरी. घर समजो. हर सून की अलग शिकायत!"

मामी, तुला समजेल असं सांगतो. ही खिडकीची काच नव्हे. वितळवून झाली की ती फार सावकाश थंड करावी लागते. घाई केली तर आत ताण राहतो आणि उजेड वाकडा जातो. मग घासायची, ती अशी की केसापेक्षा कितीतरी बारीक चूकही चालत नाही. तू टमाटे, आपली भेदरं, निवडताना डागाचं बाजूला काढायचीस, पण तुझ्या डागाच्या भेदराची घरी चटणी तरी व्हायची. तिथं काचेत एक बुडबुडा निघाला की ती गेलीच! आणि प्रत्येक काचेवर उजेड चमकून मागं फिरतो, दुपारी विहिरीचं पाणी चमकतं तसा. तो फिरू नये म्हणून वर पातळ थर चढवतात, एकावर एक, हवा काढलेल्या पेटीत. एवढं करून घेणारे किती? माझ्यासारखे थोडेच. मोबाईल घरोघरी जातो, ही जात नाही. मग सगळा खर्च त्या थोड्यांच्याच माथी बसतो.

मी त्यांना तुझा प्रश्न विचारला. म्हटलं, माझ्या मामीच्या डोळ्यात तर एकच टाकली, ती कशी चालते?

ते म्हणाले, "त्या एका काचेमागं तुझी मामी बसलीय ना!"

डोळा म्हणे मधलं तेवढंच नीट पाहतो, बाकी सगळं अर्धंमुर्धं. आपण डोळा फिरवतो, आठवतो, जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या काचेमागं असं जुळवून घेणारं कोणी नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळं तिला एकटीलाच सांभाळावं लागतं. म्हणून एवढ्या काचा, म्हणून एवढी किंमत.

मला तिथल्या तिथं तुला फोन करावासा वाटला. तू तेव्हा होतीस. पण मी त्यांच्या दुकानाचा जिना उतरलो, समोर कुणीतरी ओळखीचा भेटला, आणि राहून गेलं. माझं असंच होतं, तुला ठाऊक आहे.

आता फोटोचं ऐक. रफिकभाईंनीच सांगितलं होतं की लेन्सच्या आतलं छिद्र बारीक केलं की मागचंही स्पष्ट येतं. म्हणजे ती महागाची काच वाडी दाखवू शकत होती, मामी! मीच ती कायम सताड उघडी ठेवली. महागाची आहे तर जे इतरांजवळ नाही तेच करून घ्यायचं, अशी माझी अक्कल! काल सकाळी मी ते छिद्र बारीक केलं आणि लांब जाऊन वाडीचा फोटो काढला. सगळं आलं. विहीर, वांग्यावरची फुलं, सांभाराचं पान न पान, मेथीच्या वाफ्यातलं तण. तू तेवढी नाहीस.

वाशिमला स्टुडिओत प्रिंट काढायला मामालाही नेलं. स्टुडिओवाला पोरगा हुशार. म्हणाला, "काका, दोन्ही फोटो द्या. काकूंना वाडीत उभं करून देतो. कोणाले समजणारही नाही."

मामानं मान हलवली. "नको बापा. थे वाडीत अशी रिकामी कवाच उभी नाही राह्यली."

मग त्यानं वाडीचं प्रिंट काउंटरवर पसरलं आणि बोट फिरवायला लागला. "हा सांभार तिनंच बांधलेल्या वाफ्यातला. इथून पाणी फिरवे. अन् हे पाह्य, या दगडावर बसून जुड्या बांधे." बोट त्या दगडावरच थांबलं. स्टुडिओवाल्यानं बिल करायचं थांबवलं.

शेवटी दोन फ्रेमा केल्या. एकीत तू, दुसरीत वाडी. श्राद्धाला आलेले पाहुणे विचारतील, हा शेतीचा फोटो इथं कायले टांगला? विचारू दे. मामा सांगेल. तेवढ्यानं तरी तो कोणाशी दोन गोष्टी बोलेल.

आता एक वचन देतो, आणि तू हसू नकोस. पेरणी होईपर्यंत मी इथून हलत नाही. मामाचा फोटो काढीन, काम करताना, त्याला न सांगता, मागचं वावर बांधापर्यंत दिसेल असा. आणि तो फोटो हाराची वाट पाहत ठेवणार नाही. त्याच दिवशी त्याच्या हातात देईन.

तुझा हिंडफिऱ्या भाचा,
सोपान