प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड

३ जून
इमारतीच्या वायफायचा एकच पासवर्ड आणि तो अख्ख्या गल्लीला पाठ. आज कमिटीत ठणकावलं: यापुढे प्रत्येकाचं वेगळं नाव, वेगळा पासवर्ड, आणि कोणाला आत घ्यायचं ते सर्व्हर ठरवणार. तिसऱ्या मजल्यावरचा भोंगा (माणूस आहे, आवाजावरून नाव पडलंय) म्हणाला, एवढं कशाला. म्हणजे फुकटा तोच. रविवारपर्यंत सुरू झालं नाही तर अध्यक्षपद सोडेन, असंही सांगून टाकलं. सुरू होणारच आहे.

५ जून
सर्व्हर मीटरच्या खोलीत बसला. नेटवर्कवाला मला मॅडम म्हणतो आणि मधे बोलत नाही. हुशार आहे. सगळ्यांचे पासवर्ड मीच ठरवले, लांबलचक. आमचे हे म्हणाले, लक्षात कसं ठेवायचं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही पानंच्या पानं पाठ करायचो. नवऱ्यांना ती शिस्त लागलीच नाही.

६ जून, सकाळी
घरोघरी बजावून आले: ‘या सर्व्हरवर विश्वास ठेवायचा का’ असं फोनने विचारलं तर सरळ ‘नाही’ दाबा. अनोळख्यावर कसला विश्वास.

दुपारी
एकाचंही लागत नाही. तो अनोळखी म्हणजे आपलाच सर्व्हर होता म्हणे. नेटवर्कवाल्याने आधी सांगायला नको? म्हणतो, मॅडम, तुम्ही बोलत होतात.

७ जून
‘हो’ दाबा, असं सांगत पुन्हा फिरले. आता लोक माझ्यावरच विश्वास ठेवेनात. पहिल्या मजल्यावर धाकट्या बहिणीकडे मात्र हे आरामात मॅच बघत बसलेले. नेट भोंग्याचं. त्याने आपल्या घरचं सगळ्यांना उघडून दिलंय. बहीण म्हणाली, ताई, तू चिडशील म्हणून सांगितलं नाही. मी कधी चिडते?
उद्या मी अध्यक्ष राहायचं की नाही यावर कमिटी मतदान घेणार आहे. तेव्हा मात्र दोघं माझ्याच बाजूने हात वर करतील. घरची माणसं आहेत.

८ जून, रविवार
ह्यांनी हात वर केला. माझ्या विरुद्ध. बहिणीने तर दोन्ही केले, एक खाली घ्यायला लावावा लागला. भोंगा तेवढा तटस्थ राहिला.
सर्व्हर चांगला आहे, ठेवू या, असं सर्वानुमते ठरलं. तो सांभाळायला माणूस निवडला. हे.

९ जून
ह्यांनी सगळे पासवर्ड बदलले. माझाही. लेकीचा व्हिडिओ कॉल यायचा होता म्हणून मागितला. म्हणाले, असा सांगता येत नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे. मी टाकून देतो, तू जरा भिंतीकडे तोंड कर.
केलं.