दोन बिल्ल्यांचं मॅनेजमेंट

३ मार्च

मॅनेज! मॅनेज! मॅनेज! हा शब्द ऐकून ऐकून कान किटले.

डॉक्टरीणबाईंनी आज आईला स्पष्ट सांगितलं – लघवीचा त्रास तिसऱ्यांदा झालाय, असंच चाललं तर किडनीवर जाईल, दिवसभर पाणी प्यायलाच हवं. आई म्हणाली, "बघते, करते मॅनेज." काय मॅनेज करणार? सकाळी घरातून निघते ती संध्याकाळी परत येईपर्यंत थेंबभर पाणी तोंडात घालत नाही. का? तर बिल्ला!

तिच्या शिलाईच्या लाइनीत चाळीस बायका. बाथरूमच्या दाराशी एक खिळा, त्याला प्लॅस्टिकचे दोन बिल्ले. गळ्यात बिल्ला असेल तरच मशीन सोडायचं. बिल्ला देताना सुपरवायझर घड्याळाकडे बघतो आणि "पुन्हा?" असं विचारतो – सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बायकांनी त्यावर तोड काढली आहे. पाणीच प्यायचं नाही.

आणि मी कोण? त्याच फॅक्टरीत, वरच्या मजल्यावर, साहेबांच्या काचेच्या केबिनशेजारी – ट्रेनी ऑफिसर. घरातली पहिली पदवीधर. वा!

४ मार्च

राग कुठे काढायचा म्हणून कॉलेजात बक्षीस मिळालेला जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. बघू तरी हा मॅनेज आला कुठून!

मुळाशी लॅटिनमधला 'हात'. त्यावरून इटालियनमध्ये – घोडा हाताळणं, लगाम ओढून त्याला चाल शिकवणं. तिथून इंग्रजीत. आधी घोडे, मग माणसं, मग कारखाने. वाटेत फ्रेंचमधला घर चालवण्याचा, पुरवून पुरवून वापरण्याचा एक शब्द त्यात मिसळला म्हणे. म्हणजे एकाच शब्दात साहेबही बसले आणि आईही! साहेब मॅनेज करतात, म्हणजे लगाम ओढतात. आई मॅनेज करते, म्हणजे लगाम तोंडात धरून वर घरही ओढते. आपण त्यात आणखी एक भर घातली आहे – तपासणीला आलेल्या माणसाला 'मॅनेज' करणं. तो अर्थ माझ्या शब्दकोशात नाही. पाठ मात्र सगळ्यांना आहे.

दादाला वाचून दाखवलं. म्हणाला, "घोड्याला निदान पाणी तरी पाजतात गं." आणि हसत हसत चपला घालून गेला.

६ मार्च

साहेबांशी बोलले. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मग प्रेमाने समजावू लागले. बिल्ले काढले तर सगळ्या एकदम उठतील. लाइन थांबेल. टार्गेट कोण पुरं करणार? आणि इतक्या वर्षांत एकीचीही तक्रार नाही.

तक्रार करायला मशीनवरून उठावं लागतं, साहेब! – हे तिथे सुचलं नाही. जिना उतरताना सुचलं. माझं नेहमीचंच.

"तुम्ही नव्या आहात, शिकाल," म्हणाले. "मॅनेजमेंट म्हणजे हेच."

त्या केबिनमध्ये मी दोन ग्लास पाणी प्यायले. नंतर बाथरूमलाही जाऊन आले. कोणी घड्याळाकडे बघितलं नाही.

७ मार्च

आईला कळलंच. तिथे भिंतींना नसतील, पण शिलाई मशिनांना कान आहेत.

"हात दाखवून अवलक्षण कुणी सांगितलं होतं?" भांडी घासता घासता म्हणाली. "तू वर बसावीस म्हणून मी खाली मान घालून बसले. कळतंय का?"

मी म्हटलं, मग मान खाली आणि तोंड कोरडं, हे मी वरून नुसतं बघत राहू? तिने पातेलं आपटलं. मी ताट आपटलं. दादा आतून ओरडला, भांडी फोडू नका, काय ते मॅनेज करा! दोघी एकदमच त्याच्या अंगावर धावून गेलो. त्यानंतर आईचा माझ्याशी अबोला.

१० मार्च

आईच्या अंगात ताप, तरी कामावर गेली. जाताना औषधाची गोळी कोरडीच गिळली. कोरडी! माझ्यासमोर!

११ मार्च

साहेबांनी बोलावलं. वाटलं, नारळ देणार. कसलं काय!

म्हणाले, "तुम्हाला बायकांची एवढी कळकळ आहे, तर बिल्ले तुम्हीच सांभाळा. उद्यापासून तुमचं टेबल खाली. नीट मॅनेज केलंत, की कायम करून टाकू."

काय डोकं! खिळा तोच, बिल्ले तेच, फक्त देणारा हात बदलला. माझा हात! नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं – "हो सर." साहेबांचा आला नसेल इतका राग स्वतःचा आला. शब्दांची मुळं शोधणारी मी! आणि लगाम हातात दिला तर मुकाट्याने घेतला.

आईला सांगितलं. वाटलं, खूश होईल, नाहीतर तोंड फिरवेल. दोन्ही नाही. इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला – "सकाळी मशिनं सुरू होतानाच टेबल लागणार का तुझं?"

१२ मार्च

मशिनं सुरू झाली आणि आई उठली. पिशवीतून बाटली काढली. सगळ्यांदेखत, उभ्याने, घटाघट संपवली. मग शेजारणीने आपली काढली. मग तिच्या शेजारणीने. एकेक मशीन बंद पडत गेलं. माझ्या टेबलासमोर अख्खी लाइन उभी राहिली. सर्वांत पुढे आई, हात पसरून.

"मॅडम, बिल्ला."

वर काचेमागे साहेब उभे. खिळ्याला दोनच बिल्ले. मी दोन्ही काढले, ड्रॉवरमध्ये टाकले, आणि बाथरूमचं दार सताड उघडून हाताने धरून ठेवलं.

आई जाता जाता माझ्या कानाशी थांबली.

"सोडू नकोस," म्हणाली.