मोडीत काढलेले सात वॉकर

तीर्थस्वरूप मामांना,

धांदलीचा साष्टांग नमस्कार. (नाव तुम्हीच ठेवलंत, आता संस्थेतही सगळे तेच म्हणतात.) प्रकृती कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण मामी रोज फोन करते, त्यामुळे मला सगळं आधीच माहीत असतं. खुब्याचं ऑपरेशन उत्तम झालं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले चालायला लागा, आणि तुम्ही गेले अडीच महिने खिडकीजवळच्या खुर्चीतून हललेला नाहीत. व्यायाम करून घेणारे गृहस्थ येतात तेव्हा तुम्ही त्यांच्याच आयकराची चौकशी सुरू करता आणि त्यांचा तास संपतो, हेही कळलं. त्यांना रिफंड मिळाला म्हणे. तुमचा पाय मात्र आहे तिथेच आहे.

तुमचं वर्षअखेरचं सल्ल्याचं पत्र पोचलं. यंदा ते चुकणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो (लाँड्रीवाल्या मावसभावाने तर तेवढ्यापुरता आनंदही साजरा करून घेतला), पण तेराच्या तेरा कलमं आली, तांबड्या शाईच्या रेघांसकट. पावत्या बुटांच्या खोक्यात ठेवू नका. दुकानाचा गल्ला आणि घरचा खिसा वेगळा ठेवा. देणगीच्या पावतीवर पूर्ण नाव आणि पत्ता लिहा, 'एक हितचिंतक' चालणार नाही. विवरणपत्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका, त्या आठवड्यात साइटही आजारी पडते. मावसभावाने ते पत्र दुकानात इस्त्रीच्या टेबलाच्या वर चिकटवलं आहे, म्हणजे वाचायला कुणी नीट टेकून उभं राहिलं की हात भाजतो. मी मात्र पहिल्यापासून आज्ञाधारक. सातवं कलम वाचलं आणि कंबर कसली. 'रजिस्टरावर विश्वास ठेवू नका. वस्तू डोळ्यांनी पाहा, हाताने मोजा आणि तिच्यावर नंबर घाला.'

मामा, बाकं-टेबलं असती तर हे एका सकाळचं काम होतं. आमची संस्था आजारी माणसांना वस्तू उसन्या देते. वॉकर, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या. त्या संस्थेत धूळ खाताना दिसल्या तर आमचं काम बिघडलं असं समजायचं. (अशा वस्तूंच्या रजिस्टराला डेडस्टॉक रजिस्टर का म्हणतात हे एकदा सांगा. आमच्या वस्तू तर दिवसभर गावभर फिरत असतात.) तेव्हा यंदा फक्त वॉकर मोजायचे ठरवले आणि दारोदार निघाले. बरोबर आपले वेल्डर. हे आमची सगळी डागडुजी फुकट करून देतात, बोलतात कमी आणि ऐकतात त्याहून कमी. त्यांच्या हातात पांढऱ्या रंगाचा डबा, माझ्या हातात रजिस्टर. पहिल्या तीन घरांनी आम्हाला जप्तीवाले समजून दार लावून घेतलं.

चौथ्या घरी वॉकरवर वेल चढवलेला होता आणि त्याला शेंगा लागल्या होत्या. आजीबाई म्हणाल्या, शेंगा उतरल्या की देते. पुढच्या घरी आमचं फार आगतस्वागत झालं, आग्रहाने खुर्ची दिली, चहा दिला, आणि चहा अर्धा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ही खुर्ची मी कुठेतरी पाहिली आहे. ती संस्थेचीच होती, मामा. कमोडची. (झाकण लावलेलं होतं. मी चहा संपवला. संस्थेच्या कामात मान-अपमान बघून चालत नाही.) निवृत्त पोस्टमास्तरांकडे वेल्डरनी वॉकरच्या दांडीवर तेवीस नंबर घातला आणि रंग पाच मिनिटांत वाळतो असं सांगितलं. पोस्टमास्तरांना बँकेत जायची घाई होती, ते दोन मिनिटांत निघाले. तिथे मॅनेजरनी उठून त्यांच्याशी हात मिळवला. आता मॅनेजरच्याही तळव्यावर तेवीस आहे आणि तो जात नाही, असा मॅनेजरचा मला फोन आला होता. तुम्ही नंबर कुठे घालावा हे कलमात लिहिलं नव्हतंत.

असं करत आठ दिवसांत मोजणी संपली. रजिस्टरात वॉकर चाळीस आणि प्रत्यक्षात सत्तेचाळीस. मी हरखून गेले. इतकी वर्षं उसनं देऊन एकही हरवला नाही, वर सात जास्त! तशीच नाचत ऑडिटरबाईंकडे गेले. (तुम्ही निवृत्त झाल्यापासून या आहेत. चांगल्या आहेत, पण हसत नाहीत.) त्यांनी चष्मा काढून ठेवला. कमी भरले असते तर हरवले असं लिहिता आलं असतं म्हणाल्या, जास्त भरले तर काय लिहू? आकाशातून पडले? या सातांचा खुलासा मिळाल्याशिवाय सही नाही. सही नाही तर विवरणपत्र नाही, मुदत टळली की संस्थेची नोंदणी रद्द, आणि नोंदणी गेली की नगरपालिकेने दिलेली खोली परत. सत्तेचाळीस घरांतून वॉकर गोळा करून ठेवायचे तरी कुठे? मी तिथेच बाकावर बसले. एका कलमापायी मी चालती संस्था बुडवली, असंच मला वाटलं.

तेवढ्यात दाराशी उभे असलेले वेल्डर खाकरले. ते स्वतःहून बोलायला लागले की काहीतरी मोठं असतं, म्हणून मी कान टवकारले. ते बुटांकडे बघत म्हणाले, "ते सात मेलेले होते. मी उठवले."

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी आमचे ऑडिटर तुम्हीच होतात. त्या वर्षी तुम्ही सात वॉकर तांबड्या शाईने मोडीत काढलेत, पुढे शेरा मारलात 'दुरुस्तीपलीकडे', आणि भंगारात घालायला सांगितलंत. वेल्डर ते भंगारवाल्याकडे म्हणून घेऊन गेले आणि घरी नेले. त्यांचं म्हणणं एवढंच की पाय वाकला होता, वॉकर थोडाच मेला होता. फावल्या वेळात एकेक करून सातही उभे केले आणि यादीत ताटकळलेल्या लोकांना गुपचूप देऊन टाकले. रजिस्टरात लिहिले नाहीत, कारण मोडीत काढलेली वस्तू परत कशी लिहायची हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. (तेरा कलमांत नाही. मी दोनदा पाहिलं.) ऑडिटरबाईंसमोर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. मग घरी येताना रस्त्यात मला रडू आलं. शिवणकाम करणाऱ्या एक बाई चार महिने घरी बसून होत्या, त्या सातांपैकी एक मिळाल्यावर त्या पुन्हा स्वतःच्या दुकानात जायला लागल्या, आणि परवा वॉकर परत करायला आल्या त्या नुसत्याच चालत, वॉकर काखोटीला मारून.

मामी सांगत होती की तुम्ही हल्ली म्हणता, आता माझंही नाव मोडीतच लिहा. मामा, मला ते आवडलं नाही. तुमचा हिशेब एकदा चुकलेला आहे, तोही सात वेळा, हे मी आता कागदावर दाखवू शकते. मला सायकल शिकवताना मागे धावणारा माणूस खिडकीत बसून राहिला की मला करमत नाही, एवढंच.

मामीला नमस्कार. व्यायामवाल्यांना रिफंडाबद्दल अभिनंदन.

तुमची आज्ञाधारक,
धांदल

ता. क. १ : खरं काम सांगायचं राहिलं. ऑडिटरबाई म्हणतात, ज्याने मोडीत काढले त्यानेच नोंद फिरवून खाली सही करावी, म्हणजे त्या सही करतील. शनिवारी वेल्डर रजिस्टर घेऊन येतील, बरोबर शिवणवाल्या बाईंचा वॉकरही असेल. सहीआधी 'वस्तू स्वतः वापरून पाहिली' असं तुमच्या अक्षरात हवं आहे, आणि तुम्ही न करता लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. वेल्डरचे बूट तेलकट असतात, ते आत येणार नाहीत. वॉकर मामी खुर्चीपाशी आणून देईल, रजिस्टर फाटकाशीच राहील. खुर्चीपासून फाटक बावीस पावलं आहे, मामीने मोजलं.

ता. क. २ : मुदत सोमवारपर्यंत आहे. शेवटच्या आठवड्याचं कलम मला पाठ आहे, बोलू नका.

ता. क. ३ वेगळ्या कागदावर आहे. तो मामीकडे दिला आहे, ती फाटकाशी देईल.

(मामीकडचा कागद)

ता. क. ३ : पोचलात ना? मग आता खरं सांगते. ऑडिटरबाईंची तशी काही अट नव्हती, खुर्चीत बसून केलेली सहीही त्यांना चालली असती. अट मामीची आणि माझी. पेन वेल्डरच्या खिशात आहे, शाई तांबडीच आहे, सही करून टाका. आत जाताना वॉकर घेऊन जा, तो रजिस्टरात तीन महिन्यांसाठी तुमच्या नावावर चढवला आहे. मुदत संपली की ज्याने नेला त्याने स्वतः चालत येऊन तो परत करायचा, असा संस्थेचा नियम आहे. (नियम कालच केला. ठराव एकमताने मंजूर.)