कुकर घेऊन बोट बघायला

मुऐदर, दोहा
फेब्रुवारी २०२१

प्रिय सुहास,

सर्वप्रथम एक फिर्याद. माहेरी जाताना तू चहाचं गाळणं घेऊन गेलीस. चुकून गेलं असेल, अशी बाजू तुझ्या वतीने मीच मांडून पाहिली, पण ती टिकेना. गाळण्याला पाय नसतात आणि नाशिकला तुमच्याकडे गाळण्यांचा दुष्काळ पडल्याचं ऐकिवात नाही. परिणामी तुझा धर्मपती गेलं वर्षभर चहा आधी निवू देतो आणि मग पातेलं तिरकं धरून, श्वास रोखून, वरचा वर ओततो. तरी पत्ती दातांत येतेच. ती मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मास्कच्या आड चघळतो. या साथीने मला दिलेली ही एकमेव सोय. म्हणशील, इथे मन्सूरा भागात कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात गाळणं मिळतं. मिळतं. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. ते कोणतं, ते शेवटी सांगतो.

आता बातम्या. पहिली म्हणजे हा व्हिला सोडावा लागणार. मालकाला तो पाडून नवा बांधायचाय, आणि रमझान लागायच्या आत आपण निघावं अशी त्याची विनंती आहे. विनंती इतकी गोड की नाही म्हणायची सोयच नाही. तेव्हा मी जागा शोधतोय. मन्सूरात एक फ्लॅट पाहिला. त्याच्या बेडरूमची खिडकी खालच्या हॉटेलच्या धुराड्यासमोर उघडते. तिथे राहिलो तर आयुष्यभर डोशाच्या वासात झोपावं लागेल. दुसऱ्या जागेत खिडकीच नव्हती. मग फजलने बोट शोधून काढली.

हसू नकोस. तुझा लाडका फजल, म्हणजे वरच्या मजल्यावरचा, तुझ्या शब्दांत 'मासे तळून अख्खी गल्ली उठवणारा'. तू गेल्यापासून आमची चूल एक झाली आहे. वरणभात माझा, बाकीचं त्याचं, आणि पातेल्यांची सीमारेषा दोन्ही पक्षांनी आजवर पाळलेली आहे. रत्नागिरीच्या बंदरावर वाढलेला माणूस, त्यामुळे पाण्यावर तरंगणारं काहीही विक्रीला निघालं की त्याला कळतं. त्याने फोन पुढे केला. पांढरी, बुटकी, दोन खोल्यांची शिडाची बोट. मालक तिच्यातच राहतो, वीज-पाणी मरीनाकडून, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्यावरून, मिळतं, आणि खिडकीबाहेर धुराडं नाही.

खरं म्हणजे कल्पना मुळात तुझी. आपण नवीन आलो होतो तेव्हा कॉर्निशवर, समुद्राकाठच्या कट्ट्यावर बसून तू त्या लाकडी गलबतांकडे बोट दाखवलं होतंस आणि म्हणाली होतीस, यातलं एक घेऊ या, मालक भाडं मागायला आला की नांगर उचलायचा. आपली गार्गी तेव्हा बाबागाडीत होती. मी तुला कलियुगात समुद्रयान वर्ज्य असल्याचं शास्त्रवचन ऐकवलं होतं, आणि तू विचारलं होतंस की मग आपण इथे विमानाने आलो ते शास्त्रात कुठे बसतं. त्याचं उत्तर मी अजून शोधतोय.

फोनवरून बोट बघून व्यवहार करा, हल्ली सगळे तसंच करतात, असं बोटीच्या मालकाचं पहिलं म्हणणं. पण मी न्यायशास्त्र शिकलेला माणूस. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण; व्हिडिओ कॉल फार तर अनुमानात जमा होईल. तेव्हा शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. बरोबर काय न्यावं याचा विचार केला आणि तुझा मोठा कुकर पिशवीत घातला. फजलने विचारलं, हे काय? म्हटलं, घर बघायला जाताना माणूस दुसरं काय बघतो? शेगडीवर कुकर बसला पाहिजे. तो म्हणाला, "लोक होडी बघायला जाताना दोरी नेतात, टॉर्च नेतात. तू शिट्टी नेतोयस. चल, यल्ला."

उत्तरेकडच्या त्या मरीनाला गाडीने जायला एरवी असा कितीसा वेळ लागतो! पण आता प्रत्येक दारात मोबाईलवरचं साथीचं ते ॲप हिरवं असल्याचं दाखवायचं. मरीनाच्या फाटकात कपाळाला यंत्र लावलं, तर त्याच्या मते मी थंड पडून बराच वेळ झालेला. रक्षक म्हणाला, ओके, गो. जिवंत नसणाऱ्यांना परवानगी होती, पण एका घरातली नसलेली माणसं एका बोटीवर चढायची नव्हती. आम्ही भाऊ आहोत, असं फजलने ठोकून दिलं. रक्षकाने दोघांची ओळखपत्रं पाहिली, नंदकुमार आणि फजल, आणि भुवया उंचावल्या. "आया वेगळ्या, किचन एक," फजल म्हणाला. रक्षक पोटभर हसला आणि त्याने फजलला धक्क्यावरच थांबवलं. कायदा तो कायदा.

म्हणून मी एकटाच वर गेलो. बोटीवर चढायच्या फळीपाशी पोचल्यावर, कुणाच्याही उंबऱ्यावर करतो तेच केलं: चपला काढून एका बाजूला जोडीने ठेवल्या आणि अनवाणी आत पाय टाकला. तेवढ्याने गोंधळ झाला. मालकाचं नाव दानियाल. लेबननचा, साठी उलटलेला, मास्कच्या वरचे डोळे सतत पाणी बघून बारीक झालेले. तो एकदम खूश झाला. म्हणाला, आजवर जितके आले तितके बूट घालून डेकवर चढले, लाकडावर ओरखडे काढून गेले. तुम्ही पहिले, ज्यांना बोटीची रीत माहीत आहे. किती वर्षं समुद्रावर आहात? आता या प्रश्नाला खरं उत्तर 'एकदा घारापुरीला जाऊन आलो, तेव्हा वांती झाली होती' हे आहे, आणि त्या वेळी तू माझं डोकं धरलं होतंस. पण माणूस इतक्या आदराने बघत होता की मी नुसता समुद्राकडे बघून मान हलवली. तिथून पुढे तो माझ्याशी दर्यावर्दीशी बोलावं तसं बोलू लागला. मी प्रत्येक गोष्टीवर गंभीरपणे "हं" म्हणत होतो. धक्क्यावरून फजल ओरडत होता, "खाली बघ, तळ बघ! वरचा रंग काय बघतोस, मुलगी बघायला आलायस की होडी?"

बोट चांगली आहे. हे मी प्रत्यक्ष प्रमाणाने सांगतो. लहान आहे, पण प्रत्येक वस्तूला जागा आहे आणि प्रत्येक कपाटाला कडी, म्हणजे लाटेने डबे बाहेर येत नाहीत. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली असते. बोट कलली तरी आमटी सरळ राहते. तुला पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने आवडेल. तुझी पुस्तकं बसतील असा एक फळीचा कप्पा आहे. झोपायची जागा अगदी टोकाशी, पुढे निमुळती होत गेलेली, त्यामुळे डोकी लांब लांब राहतात पण पाय एकाच कोपऱ्यात येतात. भांडून एकमेकांकडे पाठी केल्या तरी पाय भेटणारच. ज्याने हे आखलं त्याचा संसार झाला असणार.

मग मी पिशवीतून कुकर काढला आणि शेगडीवर ठेवला. बसला. कठड्याला टेकून, नेमका. दानियाल थोडा वेळ कुकरकडे बघत राहिला आणि त्याने विचारलं, हा कुणाचा? म्हटलं, बायकोचा. त्या कधी बघायला येणार? आणि सुहास, मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला.

का म्हणालो, मला माहीत नाही. कुकर इतका व्यवस्थित बसला होता.

त्यावर त्याने चहा केला. गाळून दिला. आणि सांगितलं की ही बोट त्याने बायकोला न दाखवता घेतली होती, निवृत्तीची भेट म्हणून. ती आली, धक्क्यावर उभी राहिली, फार सुंदर आहे म्हणाली आणि वर चढलीच नाही. मग बहिणीकडे, लेबननमधल्या त्रिपोलीला गेली, थोड्या दिवसांसाठी. भांडण नाही, काही नाही. रोज फोन होतो. साथ आली, विमानं थांबली, आणि दोघांनाही सांगायला एक कारण मिळालं. आता विमानं सुरू होऊनही बरेच दिवस झाले, तेव्हा कारण संपलं. म्हणून तो बोट विकून तिच्याकडे चाललाय. हे सगळं तो कप विसळता विसळता सांगत होता, हवामान सांगावं तसं. शेवटी म्हणाला, अर्ध्या घराला मी बोट देत नाही. बाईसाहेबांना आणा, त्यांनी पाय ठेवला की तुमची. तोवर दुसऱ्या कुणाला दाखवत नाही.

येताना गाडीत मी फजलला सगळं सांगितलं. त्याने पिशवीतल्या कुकरकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात वहिनी येणार, हे वहिनीला माहीत आहे काय?" मी म्हटलं, इन्शाल्ला म्हणालो होतो. त्यावर तो म्हणाला, "स्वतः विचारायला घाबरतोस, आणि मध्ये अल्लाला कशाला घालतोस?" त्याच्यापुरता विषय खलास. गार्गीला बोटीचे फोटो पाठवले. तिचं उत्तर आलं, "बाबा, आर यू ओके?" तिला मराठी सगळं कळतं, पण काळजी ती इंग्रजीतच करते.

फजलचं म्हणणं खरं आहे. तू तुझ्या अण्णांच्या ऑपरेशनसाठी तीन आठवड्यांकरता गेलीस आणि मागे विमानतळ बंद झाला. तेव्हा काही विचारायचा प्रश्नच नव्हता. पण परतीच्या परवानग्या मिळू लागल्याला आता कित्येक महिने झाले. अर्ज मी करायचा, हो तू म्हणायचंस. मी दर वेळी विषय काढतो आणि मीच विनोद करून तो मोडतो, आणि तू म्हणतेस, बघू, आता ठेवते, वर्गातली मुलं ऑनलाइन आली. अण्णा तर आता गंगापूर रोडवर फिरायला जातात म्हणे.

तुझ्या शाळेने दहावीच्या विज्ञानाला पुन्हा तुला बोलावलं, तेव्हा मी समजलो होतो की हा वेळ घालवायचा उद्योग आहे. परवा तू फोन बंद करायला विसरलीस. मी इकडे भाजी निवडत सगळा तास ऐकला, भिंगाचा. एका मुलाने काहीतरी भलतंच उत्तर दिलं, तर तू त्याला रागावली नाहीस. म्हणालीस, थांब, ही चूक फार छान आहे, हिच्यातून सगळ्यांना शिकता येईल. असा आवाज मी फार वर्षांपूर्वी ऐकला होता, तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेर तुझी वाट बघत उभा असायचो तेव्हा. इथे दोह्यात तुझा आवाज चांगलाच होता, पण हा नव्हता. तास संपेपर्यंत मी तसाच कानाला फोन लावून मेथी निवडत राहिलो. गरजेपेक्षा बरीच जास्त निवडली. फजलने दोन दिवस मेथी खाल्ली, बिचाऱ्याने.

आता ते तत्त्व. तत्त्व वगैरे काही नाही. नवं गाळणं आणलं तर जुन्याची वाट बघणं संपलं असा अर्थ होईल, म्हणून आणलं नाही. बोट हवीच असंही नाही; तू नाही म्हणालीस तर दानियालला तसं कळवीन, आणि त्याला माझ्यापेक्षा लवकर समजेल. पाण्याची मला भीती वाटते, वांतीचीही, पण रात्री झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. तू येणार नाहीस, याची मला भीती वाटते. आणि मी बोलावलं म्हणून तो वर्ग अर्धा टाकून येशील, याची त्याहून जास्त.

तुझाच,
नंदू