राक्षसाच्या डोक्यातील मोरपिसे

ऊर्जानगर, रविवार, सायंकाळ

नात मैथिली मैत्रिणींसह फाशांचा साहसखेळ खेळते. ती कथा सांगते, त्या पात्रे होतात. गेल्या खेपेस तिने वनातील धनुर्धर केवळ शब्दांत वर्णिला, तेव्हा मुलींनी त्याला वाट विचारली. आज खेळाच्या पुस्तकातील त्याचेच चित्र दाखवले: सुळे, धनुष्य, डोक्यात मोरपिसे.

“मारा त्याले!” मुली ओरडल्या.

एटापल्लीच्या आदिवासी घरातील सुनीताने फासे खाली ठेवले. “माहा आजा नाचतानी अशीच पिसं लावते. त्याले काऊन मारता?”

“अवं, चित्रच हाय ना!” मैथिली हसली.

सुनीता निघून गेली. निर्लज्ज चित्रकार! सुळ्यांवर भागले नसते? पिसेच कशाला?

पुस्तक मी कुलपात टाकले. मैथिली चिडली, “आबा, चित्राशिवाय मजा नाई.”

मजा? जिच्या आजोबांना मारण्यात मजा होती, ती आता या घरचे पाणीही पिणार नाही.