चौथ्या नंबरचं बक्षीस

अकोला,
२६ सप्टेंबर २०२५

चि. रागिणीस रामकाकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या राजापेठेतल्या क्लासच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवतो आहे. घरी पाठवलं तर तुझे बाबा माझं अक्षर लांबूनच ओळखतील. फोन करावा तर कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मग मी ओरडतो, आणि तुझा बाप केशव बाजूच्याच खोलीत असतो. तुझी काकू म्हणते, की म्हातारपणी हे पुतणीला चोरून पत्रं लिहायला लागले.

विषय असा, की भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, दरवर्षीसारखं आपल्याकडे पोकर आहे. लॉकडाऊनमध्ये आमच्या गोपालने पोकर शिकवलं आणि आमची रमी सुटली ती सुटलीच. फी दोनशे, प्रत्येकाला पन्नास चिंचोके, ज्याचे संपले तो उठला. केशवला धरून यंदा बारा जण, म्हणजे चोवीसशे रुपये. त्यांची बक्षिसं कशी लावायची हे मला तू सांग. तू गणित शिकवतेस.

मागच्या वर्षी तू पेपर तपासत घरी बसली होतीस, म्हणून झालं ते सांगतो. चौदा जण येणार असं धरून मी चार बक्षिसं कागदावर लिहिली आणि कागद भिंतीला लावला. चौथ्याला त्याची फी परत, म्हणजे दोनशे. आले दहाच. केशव चौथ्या नंबरावर उठला आणि हसत हसत हात पुढे केला. तेव्हा मी म्हणालो, की माणसं कमी आली, पैसे कमी, तर आता बक्षिसं तीनच. काकूने रोडगे वाढलेलं ताट तसंच ठेवून त्याने चपला घातल्या. तेव्हापासून एक शब्द नाही. दोनशे रुपयांसाठी सख्ख्या भावाचा वर्षभर अबोला, आता काय म्हणावं.

माझ्या मनात आहे, की यंदा सगळ्या बाराही जणांना काही ना काही द्यावं. तो यावा आणि रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढंच.

आणखी एक. ३ नोव्हेंबरला नागपूरला माझं बायपासचं ऑपरेशन आहे. हे केशवला सांगायचं नाही. कीव येऊन आलेला भाऊ मला नको. पण त्याआधी एकदा त्याच्यासमोर बसून पत्ते खेळायचे आहेत. सध्या माझं कशात लक्ष लागत नाही. अकोटच्या बसने बागेत जातो, विहिरीच्या काठावर बसतो आणि संत्र्याकडे न पाहताच परत येतो.

उत्तर लवकर दे. काकावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
रामकाका


अमरावती,
३० सप्टेंबर २०२५

ती. रामकाकांस रागिणीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फार राग आला आहे. बायपासची बातमी कोणी फी आणि बक्षिसांच्या हिशेबाखाली, ‘आणखी एक’ म्हणून लिहितं का? पत्र वाचलं तेव्हा समोर दहावीची पंचवीस मुलं होती. त्यांना एक उदाहरण सोडवायला दिलं आणि मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं कळवा. बाबांना न सांगण्याचं वचन मी दिलेलं नाही, हे ध्यानात ठेवा.

आता बक्षिसं. सगळ्यांना द्यायचं तर मग खेळायचं कशाला, चिवडा खाऊन घरी जावं. बाबांना ते लगेच समजेल, आणि ती भीक त्यांना मागच्या वर्षीपेक्षा जास्त लागेल. तुमची चूक दोनशे रुपयांची नव्हती. भिंतीवर लिहिलेलं तुम्ही डाव सुरू असताना बदललंत, आणि तेही माणूस हरून उठल्यावर.

माझं म्हणणं, भिंतीवर रुपये लिहूच नका, रीत लिहा. जमतील त्या पैशांतून चौथ्याची फी आधी बाजूला काढायची. उरतील त्यातले निम्मे पहिल्याला, शंभरातले तीस दुसऱ्याला, वीस तिसऱ्याला. बारा जण आले तर अकराशे, सहाशे साठ, चारशे चाळीस आणि दोनशे. दहा आले तर आकडे खाली येतील, पण चौथा उडणार नाही. मागच्या वर्षी एवढं केलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं. तुमच्या दोघांच्या मध्ये अडकलेली मीच आहे, काका.

बाबांचंही चित्त ठिकाणावर नाही. दुपारी एकटेच पत्ते पिसत बसतात आणि माझी चाहूल लागली की पंचांग उघडतात. आई गेल्यावर इतकं पंचांग त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

काकूंना नमस्कार. आहे तो लोभ जपावा, आणि गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

आपली,
रागिणी


अकोला,
४ ऑक्टोबर २०२५

चि. रागिणीस अनेक आशीर्वाद.

तुझी रीत पटली. पण त्यात केशव पहिल्या चारांत येईलच याची काय हमी? तो पहिल्याच तासात उठला तर पुन्हा चपला घालेल. म्हणून मी गोपालला पुण्याला फोन करून सांगितलं, की काकासमोर हातात चांगली पानं आली तरी टाकून द्यायची. तो म्हणाला, की बाबा, याला फसवणूक म्हणतात. मी म्हटलं, याला घर सांभाळणं म्हणतात. त्याने फोन ठेवला. तू त्याला जरा समजाव, तुझं तो ऐकतो.

डॉक्टर म्हणाले, तीन नळ्या बंद आहेत. घाबरण्यासारखं नाही, असं ते मला म्हणाले. काकूला बाहेर नेऊन काय म्हणाले ते ती सांगत नाही. सारखी स्वयंपाकघरात डबे पुसते आहे.

दिवस थोडे आहेत, पोरी. माया असू दे.

रामकाका


अमरावती,
८ ऑक्टोबर २०२५

ती. रामकाकांस शि. सा. न. वि. वि.

गोपालला मी समजावलं, की पूर्ण ताकदीने खेळ. रागवा खुशाल.

काल बक्षिसांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून मी जेवणाच्या टेबलावर ठेवला. मुद्दाम ठेवला, कबूल करते. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचला. सगळ्यात वर मी लिहिलं होतं, की पहिला डाव वाटण्याआधी जे ठरेल ते शेवटपर्यंत बदलणार नाही. तिथे बोट ठेवून म्हणाले, की हे तुह्या काकाले चौऱ्याण्णव सालीच कोणी लिहून द्यायले पायजे होतं. मी विचारलं, तेव्हा काय झालं होतं. तर म्हणाले, की चिठ्ठ्यांचं त्यालेच विचार. आणि न जेवता उठले. मागून मी विचारलं, की दोनशे रुपयांचं काय. म्हणाले, की दोनशे रुपयांसाठी कोण रोडगे सोडते.

मी इतकी वर्षं समजत होते, की चौऱ्याण्णवची शेताची वाटणी राजीखुशीने झाली. तुमच्या वाट्याला विहिरीचं शेत आलं आणि बाबांच्या वाट्याला कोरडवाहू. काका, कोणत्या चिठ्ठ्या? बक्षिसांचं गणित मी सोडवलं. हे मला सोडवता येत नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहते. लोभात अंतर पडणार नाही, काहीही लिहिलंत तरी.

आपली,
रागिणी


अकोला,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. रागिणीस आशीर्वाद.

तीन कागद फाडले. हा चौथा.

वाटणीच्या दिवशी तुझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, दोन चिठ्ठ्या केल्या. एकीवर विहीर, एकीवर नाला, म्हणजे कोरडवाहू तुकडा. धाकट्याने आधी उचलायची असं ठरलं. केशवने उचलली, उघडली, विहीर निघाली. तो हसला. तेवढ्यात मी म्हणालो, की चिठ्ठीची घडी सुटली होती, आतलं अक्षर दिसत होतं, पुन्हा टाका. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोठा, घर मी चालवत होतो, माझं ऐकून त्यांनी नव्या चिठ्ठ्या केल्या. दुसऱ्या वेळी विहीर मला आली. केशव तेव्हाही चपला घालून गेला.

घडी सुटली नव्हती, रागिणी. नीट होती. मी खोटं बोललो. हे आजवर काकूलाही सांगितलं नव्हतं. काल सांगितलं, तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि डबे पुसायला गेली.

मागच्या वर्षी केशवने हात पुढे केला तेव्हा मला चौऱ्याण्णव साल आठवलंसुद्धा नाही, याचीच आता जास्त लाज वाटते. तोंडाला सवय लागलेली, नियम बदलून मोकळा झालो. दोनशेचं कारण मीच धरून बसलो होतो, कारण ते स्वस्त होतं.

हे पत्र त्याला दाखवायचं की नाही ते तू ठरव. ऑपरेशनचं सांगायचं की नाही तेही तूच ठरव, मी आता काही ठरवण्याच्या लायकीचा नाही. पाकिटात दोनशे रुपये ठेवले आहेत. मागच्या वर्षीच्या चौथ्या नंबरचे. विहीर द्यायला मी तयार आहे, पण ती पाकिटात मावत नाही, आणि तो घेईल असंही वाटत नाही.

लोभ मागत नाही. उरला असेल तर राहू दे.

रामकाका


अमरावती,
१७ ऑक्टोबर

ती. दादास केशवचा शि. सा. न. वि. वि.

पत्राची भाषा मले जमत नाही, बोलतो तसं लिहून राहिलो.

रागिणीनं तुहं पत्र वाचून दाखवलं. मंग मी तिच्या हातून घेतलं आन एकटा बसून पुन्हा वाचलं. ऑपरेशनचंही तिनं सांगतलं. तू मले कावून नाही सांगतलं? कीव येऊन येईन म्हणे. मले तुही कीव कधी आली नाही दादा, राग आला. अजूनही थोडा आहेच, तो काही एका पत्रानं जात नाही.

दोनशे भेटले. तेच यंदाची फी म्हणून जमा कर.

विहीर मले नको. एकतीस वर्स तू त्या बागेत राबला, झाडं तुले ओळखतात. मले फक्त तुह्या तोंडून ऐकायचं होतं, की घडी नीट होती. मी घरी येऊन कितीकदा कागदाची तशी घडी घालून पाहत होतो, की खरंच माह्याकडूनच काही चुकलं का. आता ते बंद.

चोवीस तारखेले येतो. पत्ते तू वाटायचे नाही. रागिणीचा कागद पहिल्या डावाच्या आधी भिंतीले लागला पायजे. गोपालचंही रागिणीकडून कळलं, तो मुद्दाम हरला तर मी उठून जाईन, त्याले तसं सांगून ठेव. आन जेवण आधी, डाव मंग. वहिनीच्या हातचे रोडगे टाकून आलो त्याची माफी वहिनीले मागतो, तुले नाही.

या पत्रासंगं एक चिठ्ठी आहे, जपून उघड. आबाचं अक्षर आहे. आबानं नव्या चिठ्ठ्या केल्या तेव्हा पहिली माह्या मुठीतच राहिली होती. तेव्हापासून माह्या चश्म्याच्या घरात होती, रागिणीलेही माहीत नाही. तुले देऊन टाकत नाही, नीट समज. ठेवायले देतो. नागपूरले जातानी सदऱ्याच्या खिशात ठेव. घरी आला, चालाले लागला, की अमरावतीले माह्या घरी ये आन माह्या हातावर परत ठेव. पोस्टानं आली तर घेणार नाही. गोपालच्या हातूनही घेणार नाही. तू सोता आणायची.

लोभाचं काय लिहू, तो कुठं गेलाच नव्हता.

तुहा,
केशव